घाटातली टकटक आणि टाकीतली बाटली

गाडी ११ वर्षांची, पेट्रोलवरची. जळगावात रोजचं पळणं म्हणजे घर ते बाजार, जेमतेम ३ किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आतच चावी बंद, त्यामुळे आत कार्बनची काजळी साचत गेली. पुढे सिग्नलला थरथरायला लागली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तर टकटक ऐकू यायची. एका गॅरेजने थेट इंजिन उघडायचं सांगितलं.

भुसावळचे आमचे मिस्त्री म्हणाले, "थांब भो, एवढी काय घाई?" त्यांनी आधी प्लग पाहिले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, स्प्रेने पुसली. कापड तव्याच्या बुडासारखं काळं! मग म्हणाले, टाकीत क्लीनर टाक, पण पीईए असलेलाच. पीईए म्हणजे पॉलिइथरअमाइन. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्ष यांतला कार्बन ते हळूहळू सोडवतं, तो जळून निघून जातो.

बाटलीवरच्या प्रमाणात ओतलं, वरून टाकी भरली आणि हायवेने धुळ्याला जाऊन आलो. टाकी संपत आली तेव्हा थरथर गेली होती. टकटक मात्र दुसऱ्या बाटलीनंतर थांबली. मायलेज? काडीचा फरक नाही.

शेजारच्या आबांनी माझं पाहून तीच बाटली घेतली. त्यांचं इंजिन मात्र थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं. तिथे इनटेक व्हॉल्व्हला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांना, पेट्रोल लागतच नाही, मग ते धुतले कसे जाणार? शेवटी अक्रोडाच्या टरफलांचा भुसा दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करून घ्यावे लागले. आबा अजून माझ्यावर रुसलेले आहेत.