व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध आणि वॅट कसे काढावेत

उदाहरणाला पाणी तापवायचा रॉड घेऊ. आत नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, कॉइल असते, बाकी काही नाही. हिशेब शिकायला घरात याहून सरळ उपकरण सापडणार नाही. माझ्या रॉडवर 230 व्होल्ट, 1500 वॅट असं छापलेलं आहे.

रॉड आधी बादलीत बुडवा, मगच बटण दाबा. बटण चालू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही.

व्होल्टेज मोजायचं ते रॉड चालू असताना, त्याच बोर्डावर. सकाळी कधीतरी रिकाम्या सॉकेटवर मोजलेला आकडा इथे चालत नाही, कारण लोड पडला की व्होल्टेज उतरतं. करंट क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट दाखवणाऱ्या मीटरने, मोजा. क्लॅम्प एकाच वायरीभोवती हवा. दोन्ही वायरी धरणाऱ्या केबलवर लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. त्यासाठी फेजची इन्सुलेटेड वायर वेगळी काढलेली छोटी एक्स्टेंशन इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. घरी केबल सोलत बसू नका.

मला मिळालेले आकडे: 212 व्होल्ट, 6 अँपिअर.

रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर: 212 ÷ 6 = 35.3 ओहम. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: 212 × 6 = 1272 वॅट. मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर आधी 1000 ने भागा. गणित इतकंच. रोधाचा नियम गेऑर्ग ओहमने 1827 साली छापला, त्यात अवघड काही नाही.

अवघड पुढे आहे, आणि तिथे मी स्वतः बरेच दिवस अडकलो होतो. रॉडच्या प्लेटवर छापलेले 1500 आणि हातात 1272, मग उरलेले 228 वॅट गेले कुठे? अशाच आकड्यांवरून मी एकदा शेजाऱ्यांना रॉड खराब झाल्याचं सांगितलं. त्यांनी नवा आणला. नव्यानेही तेवढेच वॅट दाखवले. जुना रॉड धडधाकट होता, त्यांचा खर्च माझ्यामुळे झाला, आणि ते मला अजून लागतं.

प्लेटवरचे वॅट हे प्लेटवरच्या व्होल्टेजलाच खरे असतात. वॅट हा रॉडचा स्थायी गुण नाही. कॉइलचा स्थायी गुण म्हणजे तिचा रोध. म्हणून तुलना रोधाची करा. प्लेटवरून रोध काढायचा तर व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: 230 × 230 = 52,900, भागिले 1500 = 35.3 ओहम. मोजलेला रोधही 35.3. रॉड ठीक आहे, कमी आहे तो सप्लाय.

आता संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आलं तर? इथे बहुतेक जण 1500 ला 180 ने भागतात आणि 8.3 अँपिअर लिहून मोकळे होतात. "व्होल्टेज पडलं की करंट वाढतो" हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. रॉडला ते साफ चुकीचं आहे. 35.3 घट्ट धरून ठेवा: 180 ÷ 35.3 = 5.1 अँपिअर. करंट घटला. वॅट 180 × 5.1, म्हणजे 918. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा गेला, पण शक्ती तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने उतरते.

शाळेतला व्होल्ट, अँपिअर आणि ओहमचा तो त्रिकोण, ज्यात एक अक्षर झाकलं की सूत्र दिसतं, मला अजिबात पसंत नाही. सूत्र मिळतं, पण तिघांपैकी कोण जागचं हलत नाही हे तो सांगत नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

ते ऐकीव वाक्य शेतातल्या पंपाचं आहे. मोटरीवर पाण्याचा भार तोच राहतो, म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. मोटरीवर व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर येणारा आकडा वाइंडिंगचा रोध नसतो, आणि नुसत्या गुणाकाराने खरे वॅटही येत नाहीत. तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा, लागतो. वरची रीत मोटरीला लावू नका.

तारेच्या जुन्या बल्बलाही जपून. 100 वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना 529 ओहम येतो, पण थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर चाळिसाच्या आसपास दिसतो. टंगस्टनचा रोध तापल्यावर कित्येक पटींनी वाढतो. नायक्रोमचा फारसा बदलत नाही, म्हणून प्लग काढलेल्या रॉडवर मल्टिमीटरही 35 च्या जवळपासच दाखवतो.

पूर्ण 230 व्होल्टला हाच रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला 6 अँपिअरचा सॉकेट देऊ नका, 16 चाच द्या. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला 1500 वॅटला सुमारे 23 मिनिटं लागतात, 918 वॅटला 38. युनिट दोन्ही वेळा जवळपास तेवढेच, 0.58. बादलीतून हवेत जाणारी उष्णता त्यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त धरा, आणि कमी व्होल्टेजच्या दिवशी बादलीवर झाकण ठेवा.