‘कॅच’ वापरताना या चुका टाळा

शिडीवर चढलेला माणूस खालच्याला ‘कॅच द लॅडर’ म्हणाला, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्याला वाटेल की शिडी वरून पडतेय आणि ती झेलायचीय. आपलं ‘पकडणे’ दोन्हीकडे चालतं: चेंडू पकडायचा आणि शिडीही पकडायची. ‘कॅच’ मात्र वस्तू हाती येते त्या क्षणापुरतं. त्यापुढे ‘होल्ड’.

शंका आली की मराठी वाक्यात ‘पाच मिनिटं’ घालून पाहा. ‘पाच मिनिटं शिडी पकड’ बरोबर वाटतं, म्हणून ‘होल्ड द लॅडर’. ‘पाच मिनिटं चोर पकडला’ म्हणता येत नाही, म्हणून ‘कॉट द थीफ’. रस्ता ओलांडताना मुलाला सांगायचं ‘होल्ड माय हँड’. पण पाय घसरला आणि कुणी दंडाला धरून सावरलं, तर ‘ही कॉट मी बाय द आर्म’. ‘बाय द’ विसरू नका.

भूतकाळी रूप ‘कॉट’. ‘कॅच्ड’ असं रूपच नाही. स्पेलिंग सी-ए-यू-जी-एच-टी, त्यातले जी-एच मुके. चोरी करताना पकडलं तर ‘कॉट हिम स्टीलिंग’. ‘कॉट हिम टु स्टील’ साफ चूक.

गाडीच्या बाबतीत ‘कॅच’चं उलट ‘मिस’. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते; धावतपळत ती गाठली तर ‘आय कॉट द ट्रेन’. रोज ऑफिसला लोकलने जाता, एवढंच सांगायचं असेल तर ‘टेक’ पुरे.

आजारात ‘कॅच’ फक्त संसर्गाला. ‘आय कॉट अ कोल्ड’ चालतं, डायबिटीस किंवा बीपीला नाही. सर्दीला सहसा ‘अ’ लागतो, आगीला लागत नाही: ‘द कर्टन कॉट फायर’.

‘गाडीने स्पीड पकडला’ म्हणजे ‘पिक्ड अप स्पीड’. मोबाइल नेटवर्क पकडत नसेल तर ‘आयॅम नॉट गेटिंग अ सिग्नल’. आणि कंबर धरली तर? तिथे ‘कॅच’ आठवूच नका. ‘माय बॅक हॅज सीझ्ड अप’. गॅरेजमध्ये ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात, तोच हा शब्द.

फोनवर नाव नीट ऐकू आलं नाही, तर तुटक ‘व्हॉट?’पेक्षा ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युवर नेम’ बरं. फुकटाची ऑफर आली की ‘व्हॉट्स द कॅच?’, म्हणजे यात मेख काय?

सगळ्यात महागात पडतं ते गळालेलं ‘अप विथ’. पुढे निघालेल्या सहकाऱ्याला ‘तुम्ही व्हा पुढे, मी गाठतो’ सांगायचं तर ‘आय विल कॅच अप विथ यू’. नुसतं ‘आय विल कॅच यू’ म्हटलंत, तर ‘थांब, पकडतोच तुला’ असं ऐकू जाईल.