दहा मावतात, पाचच भरा: सरावासाठी .२२ सेमी-ऑटो रायफल घेताना

आमच्या ओहायोतल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात विचारतंच, "काका, रेंजवर यायचंय, रायफल कुठली घेऊ?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: "व्हिसा कुठला?"

हसण्यावारी नेऊ नका. एच-१बी, एल-१, एफ-१ वर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणं सोडाच, ती किंवा तिच्या गोळ्या जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेऊन चार गोळ्या मारणंही त्यातच येतं. यातला नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा शिकारीचा वैध परवाना. पण ग्रीन कार्डाची फाइल रांगेत असताना त्या अपवादावर उडी मारण्याआधी इमिग्रेशन वकिलाची फी भरा, स्वस्त पडेल. "माझा मित्र सिटिझन आहे, पैसे मी देतो, त्याच्या नावावर घेऊ" ही युक्ती तर डोक्यातून काढूनच टाका. दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर 'खरा खरेदीदार तुम्हीच का' असा सरळ प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे. ओहायोत २०२३ च्या मतदानानंतर गांजा कायदेशीर झाला, फेडरल कायद्यात नाही. झोप यावी म्हणून गांजाच्या गमीज (गोळ्या-चॉकलेटसारख्या वड्या) खाणाऱ्यांनी फॉर्म दोनदा वाचावा.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर काम सरळ आहे. परवानाधारक दुकानदार, फॉर्म, एफबीआयची तपासणी. वय रायफलसाठी १८, पण २१ च्या आतल्यांची २०२२ पासून जास्तीची चौकशी होते. ओहायोत बंदूक घेण्यासाठी वेगळं सरकारी कार्ड काढावं लागत नाही. इलिनॉयमध्ये लागतं, न्यू जर्सीतही लागतं. न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप चढवणारी) रायफल घ्यायला परवाना आणि २१ पूर्ण. वॉशिंग्टन राज्यात साधी .२२ सेमी-ऑटोसुद्धा २१ च्या आत मिळत नाही. राज्य बदललं की कायदा बदलतो. नोकरीसाठी घर हलवताना हे आधी बघा, ट्रक भरल्यावर नको.

आता रायफल. मी सांगतो ती रूगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि तिच्याबरोबर येणारं मॅगझिन (गोळ्या भरायची सुटी पेटी) दहा गोळ्यांचं असल्याने दहाची मर्यादा घालणाऱ्या राज्यांतही चालतं. साध्या 'कार्बाइन' मॉडेलचं वजन पाच पौंडांच्या आसपास, बॅरल साडेअठरा इंच. नळीसारखं मॅगझिन बॅरलखाली असलेल्या रायफलीही चांगल्या असतात, पण ती नळी खरंच रिकामी झाली का याची खात्री करायला वेळ लागतो. सरावाला मला ते नको वाटतं. एआर-१५ च्या धर्तीवरची .२२ हवी असेल तर स्मिथ अँड वेसनची येते, फक्त काही राज्यांत तिच्या रूपड्यावरून कायदा आडवा येतो.

सेमी-ऑटो म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. दुसऱ्या गोळीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. मधलं काम, म्हणजे रिकामं खोकं (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर टाकून पुढची गोळी चढवणं, ते सुटलेल्या गोळीच्या धक्क्यावर बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) स्वतः करतो. त्याचा स्पर्धेत फायदा असा की हात जागचा हलत नाही, बांधलेली पोझिशन मोडत नाही. ओहायोच्या उत्तर टोकाला, लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरीला दर उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तिथल्या 'रिमफायर स्पोर्टर' प्रकारात जलद फैरीच्या पाच गोळ्यांना बोल्ट-ॲक्शनवाल्याला, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने ओढावा लागणाऱ्याला, ३० सेकंद मिळतात, सेमी-ऑटोवाल्याला २५. एकूण ६० गोळ्या: पडून आणि बसून ५० यार्डांवर, उभ्याने २५ यार्डांवर. रायफल साडेसात पौंडांच्या आत, ट्रिगर किमान तीन पौंडांचा, दुर्बीण असेल तर सहापटीपर्यंतच. हजारो डॉलर ओतून बाजी मारता येऊ नये म्हणूनच हे नियम आहेत, आणि म्हणूनच हा प्रकार मला आवडतो.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करतो. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं तेव्हा आमच्या कोल्हापूरकडच्या व्हॉट्सॲप गटात अनेकांनी मला विचारलं, "तुझ्याकडे असते तसलीच ना रायफल?" नाही. काडतूस तेच .२२ लाँग रायफल, पण ऑलिंपिकच्या ५० मीटरची रायफल एकेक गोळी हाताने भरायची असते. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली तीही तसल्याच रायफलीवर. मुलाला त्या वाटेने न्यायचं असेल तर १०/२२ घेऊ नका. एअर रायफल शिकवणारा क्लब शोधा.

रायफल घेतल्यावर लोक दुर्बीण, नवा दस्ता, चकचकीत बॅरल यांच्या मागे लागतात. थांबा. आधी एक चांगला पट्टा घ्या, दंडाला फास घालून आवळता येईल असा. मग मूळच्या साइटऐवजी (साइट म्हणजे नेम धरायची खूण) मागची भोकाची साइट. उरलेले पैसे गोळ्यांना. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसांत, बॅरलची आवडनिवड भयंकर असते. एका दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन रायफली एकाच डब्यातल्या गोळ्यांचे वेगवेगळे ग्रुप (कागदावरचे भोकांचे पुंजके) देतील. चार-पाच प्रकारांचा एकेक डबा आणा, टेकू लावून प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारा, कागद जपून ठेवा. सुरुवात ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी'पासून करा. ती सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच. डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली जास्त वेगाने निघते खरी, पण वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना डगमगते, आणि ते कागदावर दिसतं. एक गोळी पसंत पडली की तिची पाचशेची ब्रिक घ्या, शक्यतो सगळे डबे एकाच लॉटचे.

आता माझा मुख्य मुद्दा. मॅगझिनमध्ये दहा मावतात, तुम्ही पाच भरा. नवीन असाल तर दोन भरा.

कारण सांगतो. शाळेत एनसीसीला होतो तेव्हा २५ यार्डांवर बोल्टची .२२ मिळायची आणि हातावर मोजून पाच गोळ्या ठेवल्या जायच्या. मारून झाल्यावर पाच खोकी मोजून परत. एक कमी पडलं तर सगळी तुकडी गवतात हुडकत बसायची. त्या पाचांतली एकही गोळी कुणी उगाच उडवत नसे. सेमी-ऑटोने हा धाक काढून घेतला. गोळी स्वस्त, धक्का नाही, बोट हललं की पुढची तयार. मग माणूस पहिली चुकली की ती का चुकली हे न बघता दुसरी मारून ती झाकायला बघतो. रेंजवर शेजारच्या बाकावरून टपटप-टपटप ऐकू आलं की समजावं, मॅगझिन संपेल पण सराव झालेला नसेल.

म्हणून पाच. आडवे व्हा, पट्टा आवळा, डावं कोपर रायफलीच्या खाली सरकवा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट निशाण्याच्या डावीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नका. कोपर आहे तिथेच टेकलेलं ठेवून पोट आणि मांड्या किंचित डावीकडे सरकवा, की अख्खं शरीर वळतं. परत डोळे मिटा, परत बघा. साइट आपोआप निशाण्यावर येईपर्यंत हे चालू द्या. स्नायूंनी ओढून धरलेली रायफल ट्रिगर सुटताना आपल्या जागी परत जाते, आणि गोळी तिच्याबरोबर. मग श्वास सोडून संपला तिथे थांबा, ट्रिगर सरळ मागे दाबा आणि गोळी सुटल्यावर तसाच दाबून धरा. त्या क्षणी साइट कुठे दिसली ते घड्याळाच्या तबकडीसारखं वहीत लिहा, "तीन वाजता (म्हणजे उजवीकडे), थोडी खाली". पाच झाल्या की कागदाशी ताडून बघा. लिहिलेलं आणि भोक जुळू लागलं की मग वेग वाढवायचा. त्याआधी घड्याळ लावण्यात काही अर्थ नाही.

ग्रुप लहान पण मध्यावर नसेल तर साइट फिरवा. साइटची क्लिक पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) असेल तर ५० यार्डांवर एक क्लिक म्हणजे साधारण एक अष्टमांश इंच. ग्रुपच मोठा असेल तर साइटला हात लावू नका, दोष साइटचा नाही.

रायफल रिकामी करणं हे १०/२२ वर विशेष शिकून घ्या, कारण शेवटच्या गोळीनंतर तिचा बोल्ट उघडा राहत नाही. तो रिकाम्या चेंबरवर (बॅरलमधली गोळी बसायची जागा) बंद होतो आणि बाहेरून रायफल भरलेली दिसते तशीच दिसते. क्रम असा: तोंड निशाण्याकडे, सेफ्टी लावा, आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे ओढा, ट्रिगर गार्डच्या पुढची छोटी पट्टी दाबून तो तिथेच अडकवा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा, मग चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारा पिवळा प्लास्टिकचा फ्लॅग घाला. क्रम उलटा केलात, म्हणजे मॅगझिन आत असताना बोल्ट ओढून सोडलात, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी गुपचूप आत जाते. बाहेर पडलेली गोळी बघून माणसाला वाटतं, झालं रिकामं.

ट्रिगर दाबला आणि नुसता टक् झालं तर हलू नका. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला खोक्याच्या कडेत असतो. तो कधी एका बाजूला कमी पडतो आणि गोळी फुसकी निघते, क्वचित उशिरा पेटते. तोंड निशाण्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग रिकामी करा. याहून वाईट म्हणजे नेहमीपेक्षा दबका 'फुस्' असा आवाज. गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते, आणि ही सेमी-ऑटो आहे, पुढची गोळी चढलेलीही असेल. टपटप मारणाऱ्याला तो आवाज ऐकूच येत नाही. एकेक मारणारा थांबतो, रिकामी करतो, बॅरल आरपार बघतो.

कानात प्लग, डोळ्याला चष्मा, दोन्ही नेहमी. .२२ चा आवाज लहान म्हणून प्लग न लावणारे खूप भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना ऐकूही येत नसावं.

साफसफाईत बॅरलपेक्षा बोल्टकडे बघा. मेण, काजळी, शिसं सगळं तिथे साचतं, मॅगझिनच्या आतही. मागून सळई घालायला साध्या १०/२२ ला वाट नसते, म्हणून लोक पुढून लोखंडी सळई खुपसतात आणि बॅरलच्या तोंडाची धार घासून अचूकता घालवतात. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलंय, कडेवरचा तो ओरखडा बघवत नाही. चेंबरमधून ओढून घ्यायची दोरी वापरा. काम संपल्यावर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा. शिसं हे शिसंच आहे. रेंजचे कपडे वेगळे धुवा, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर.

घरी रायफल कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. कोरडा सराव जरूर करा. १०/२२ ला रिकामा ट्रिगर दाबलेला चालतो, इतर बऱ्याच .२२ ना चालत नाही, तुमच्या रायफलीचं पुस्तक बघा. त्या वेळी गोळ्या त्या खोलीत नकोत.

पहिल्या स्पर्धेची फार तयारी करत बसू नका. क्लबची छोटी स्पर्धा बघा, नाव नोंदवताना पहिल्यांदाच आलोय असं सांगा. कुणीतरी म्हातारा शेजारी येऊन उभा राहतोच. 'सीझ फायर' (गोळीबार थांबवा) कुणीही ओरडू शकतो, तुम्हीसुद्धा, आणि ते ऐकलं की ट्रिगरवरचं बोट बाहेर.

आणि रेंजची बॅग ही फक्त रेंजची बॅग. तीच पाठीला लावून मुंबईचं विमान पकडू नका. शिवणीत किंवा बाजूच्या खिशात राहिलेली एक जिवंत गोळी परतीच्या वेळी मुंबईच्या एक्स-रेत सापडली तर तिथे आर्म्स ॲक्टखाली पोलीस केस होते, आणि "साहेब, चुकून राहिली" यावर विमान थांबत नाही. .२२ ची गोळी इंचभर लांब, जाकिटाच्या अस्तरात सहज उतरते. मी रेंजचं जाकीट गॅरेजमध्ये खुंटीला ठेवतो. भारतात जाताना बायको दुसरं काहीही बॅगेत भरू दे, ते नाही.