लिव्हरमधली चरबी मोजायची कशी? नुसत्या ग्रेडवर थांबू नका

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ वाचलं की जवळजवळ प्रत्येकजण मला पहिला प्रश्न हाच विचारतो, म्हणजे किती टक्के? आणि दरवेळी सांगावं लागतं की ग्रेड म्हणजे टक्के नाहीत, ते मोजमापच नाही, तो डोळ्याचा अंदाज आहे. स्क्रीनवर लिव्हर आणि उजवी किडनी शेजारीशेजारी दिसतात, चरबी साठली की लिव्हर किडनीपेक्षा जास्त पांढरं दिसायला लागतं, मग आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात तो ग्रेड २, आणि मागचा भाग आणि डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची, रेषाच नीट दिसेनाशी झाली तर ग्रेड ३. एवढंच असतं ते. त्यामुळे तोच माणूस दुसऱ्या सेंटरला गेला, तिथे बघणारा वेगळा, मशीनची ब्राइटनेस वेगळी, की ग्रेड बदलू शकतो. शिवाय चरबी साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या सोनोग्राफीत ती बऱ्याचदा निसटते, आणि फॅटी लिव्हर म्हणायला एमआरआयवर ५ टक्केच पुरे असतात! म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे चरबी नाहीच असं धरून चालू नका.

आता आकडा हवाच असेल तर दोन रस्ते आहेत, सुई न टोचता.

पहिला फायब्रोस्कॅन, म्हणजे बाहेरूनच लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारं मशीन. आधी निदान ३ तास काही खायचं नाही, कारण खाल्ल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि कडकपणाचा आकडा फुगतो. पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा म्हणजे बरगड्यांमधली जागा मोकळी होते, तिथे जेल लावून प्रोब टेकवतात आणि बरगड्यांवर टिचकी मारल्यासारखं टक् टक् जाणवतं, दुखत नाही. निदान १० चांगली मापं घेतात, काही मिनिटांत काम संपतं.

रिपोर्टवर दोन आकडे येतात आणि गोंधळ इथेच होतो. सीएपी हा चरबीचा आकडा, डेसिबल प्रति मीटरमध्ये, १०० ते ४०० च्या दरम्यान. चरबीतून जाताना ध्वनिलहरी जास्त विरतात, किती विरल्या ते हा आकडा सांगतो. युरोपच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेने २७५ च्या वर चरबी धरायला हरकत नाही असं म्हटलंय, तर एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सौम्य, मध्यम, जास्त यांच्या सीमा २४८, २६८ आणि २८० अशा निघाल्या. बघा, सौम्यपासून जास्तपर्यंत अंतर फक्त ३२ चं! म्हणून गेल्या वेळी २९० होतं आणि आता २७८ आलं तर फार आनंद करू नका आणि उलटं झालं तर घाबरूही नका. सीएपीच्या खाली आयक्यूआर, म्हणजे मापं किती विखुरली आहेत त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो साधारण ४० च्या आत हवा, त्यापेक्षा जास्त म्हणजे मापं आपापसात जुळलेली नाहीत.

दुसरा आकडा किलोपास्कलमध्ये, तो चरबीचा नाही, लिव्हर किती कडक झालंय म्हणजे व्रण किती पडलेत त्याचा. माझं मत विचाराल तर आधी हाच बघा, कारण पुढे काय होणार ते चरबीपेक्षा व्रणांवर जास्त ठरतं. ८ च्या खाली असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं, वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवाच, सीएपी कितीही छान असू दे.

प्रोबही बघा. पोटावर चरबीचा थर जाड असला, त्वचेपासून लिव्हरपर्यंत २५ मिलीमीटरहून जास्त, तर एक्सएल प्रोब लागतो, नाहीतर एम. पुढच्या वेळी तोच प्रोब वापरला का ते आवर्जून विचारा.

दुसरा रस्ता एमआरआय, पण ऑर्डरवर ‘पीडीएफएफ’ (चरबीचा वाटा टक्क्यात काढायची पद्धत) हा शब्द हवा, नुसता पोटाचा एमआरआय सांगितला तर टक्केवारी मिळेलच असं नाही. यात इंजेक्शन नाही, किरणं नाहीत, साधारण २० सेकंद एकदा श्वास रोखायचा की पूर्ण लिव्हरचं चित्र मिळतं. पाणी आणि चरबी यांचे सिग्नल किंचित वेगळ्या वेगाने फिरतात, मशीन ते वेगळे करून एकूण सिग्नलमध्ये चरबीचा वाटा किती ते थेट टक्क्यात काढते. मग लिव्हरच्या वेगवेगळ्या भागांवर छोटे गोल टाकून सरासरी घेतात, गोल रक्तवाहिनीवर किंवा अगदी कडेला पडला तर आकडा चुकतो, म्हणून एकच गोल टाकून दिलेला रिपोर्ट मला पटत नाही. लिव्हरमध्ये लोह जास्त असेल तर त्याची दुरुस्ती केली आहे ना तेही विचारा. बायोप्सीत, म्हणजे सुई टोचून तुकडा काढतात त्यात, लिव्हरचा साधारण ५०,००० वा भाग हाती येतो, इथे पूर्ण लिव्हर दिसतं. मात्र बायोप्सीचे टक्के आणि हे टक्के एकमेकांशी जुळवत बसू नका, तिथे चरबी भरलेल्या पेशी मोजतात, त्यामुळे तो आकडा मोठा येतो. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा.

उपचार लागू पडतायत का हे बघायचं असेल तर मी पीडीएफएफच निवडेन. मूळ आकड्याच्या ३० टक्के घट, म्हणजे २० वरून १४ किंवा त्याखाली, हा खरा फरक मानतात.

सीटी फक्त चरबीसाठी करू नका, किरणं उगाच लागतात. दुसऱ्या कारणाने कॉन्ट्रास्टशिवाय झालेला असेल तर तेवढ्यापुरता बघून घ्या: एरवी लिव्हर स्प्लीनपेक्षा (प्लीहेपेक्षा) थोडं उजळ दिसतं, ते उलटं झालं किंवा लिव्हरचा आकडा ४० हाउन्सफिल्डच्या (सीटीवर उजळपणा मोजायचं एकक) खाली गेला तर चरबी बऱ्यापैकी आहे.

पुन्हा तपासणी करताना शक्यतो तेच मशीन, तोच प्रोब, तेवढंच उपाशी पोट ठेवा, आणि रिपोर्टच्या मागे स्वतःच्या हाताने तारीख, त्या दिवसाचं वजन, शेवटचं कधी खाल्लं आणि मशीनचं नाव लिहून ठेवा, कारण छापील रिपोर्टवर यातलं निम्मं नसतं.