महिला उद्योजकांचं सक्षमीकरण मोजताना या चुका टाळा

ग्रामीण महिलांसाठीच्या उद्योजकता कार्यक्रमाचा अहवाल बहुतेक वेळा हजेरीपटावरून तयार होतो. इतक्या जणींना प्रशिक्षण दिलं, इतक्यांना कर्ज मिळालं, इतकी यंत्रं वाटली. यातून कार्यक्रमाने काय केलं ते कळतं. बाईच्या हातात काय आलं, ते कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ नायला कबीर यांनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाचे तीन भाग मांडले: संसाधनं, निर्णयशक्ती आणि त्यातून साधलेले बदल. आपल्याकडची मोजणी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारते. मधला भाग, म्हणजे ठरवतं कोण, तेवढा राहून जातो.

कर्ज तिच्या नावावर, म्हणून धंदा तिचा

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ॲन मारी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी बांगलादेशातल्या कर्जयोजनांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. कर्जदार बाई, पण पैसा वापरतो घरातला पुरुष, असं त्यात मोठ्या प्रमाणावर आढळलं. हप्ता भरायची जबाबदारी मात्र तिच्याच डोक्यावर. परतफेड वेळेवर होत असल्याने योजनेच्या कागदावर सगळं छान दिसत राहतं.

याच चुकीची दुसरी बाजू श्रीलंकेत दिसली. तिथे छोट्या व्यावसायिकांना चिठ्ठी काढल्यासारखी निवड करून अनुदान दिलं गेलं. पुरुषांच्या धंद्यात भांडवलावरचा परतावा महिन्याला ९ टक्क्यांहून जास्त निघाला, बायकांच्या धंद्यात जवळजवळ शून्य. ‘बायकांना धंदा जमत नाही’ असं म्हणायला काहींना एवढं पुरेसं होतं. पुढे भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासली गेली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बाईला मिळालेलं भांडवल नवऱ्याच्या धंद्यात वळलं होतं, आणि ज्या घरात तिच्या धंद्याशिवाय दुसरा धंदाच नव्हता, तिथे परतावा पुरुषांइतकाच होता. म्हणजे बाई कमी पडली नव्हती, मोजणाऱ्याने चुकीच्या ठिकाणी पाहिलं होतं.

म्हणून प्रश्नावलीत घरातल्या सगळ्या धंद्यांची नोंद हवी. मिळालेली रक्कम कुठे गेली, यंत्र विकायचं ठरलं तर शब्द कोणाचा चालेल, रोजचा गल्ला रात्री कोणाकडे असतो, हे वेगवेगळं विचारा. भांडवल नवऱ्याच्या धंद्यात गेलं म्हणजे फसवणूकच झाली, असंही धरू नका. घराच्या हिशेबाने तो शहाणा निर्णयही असू शकतो; तो तिने घेतला का, एवढंच तपासायचं आहे.

‘आम्ही दोघं मिळून ठरवतो’

‘घरात निर्णय कोण घेतं?’ असा मोघम प्रश्न विचारला की हे उत्तर हमखास येतं. त्यात बरोबरीची चर्चाही मावते आणि नुसतं ‘तिला सांगितलं होतं’ हेही. उत्तरांत फरकच दिसत नसेल तर प्रश्न बारीक करा. मागच्या वेळी कच्चा माल कोणाकडून घ्यायचा हे कसं ठरलं? तुमचं मत वेगळं असतं तर काय झालं असतं? न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करता येतो? शक्य असेल तिथे नवऱ्यालाही तेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा ती नोंद चुकीची समजून काढून टाकू नका. बरीच माहिती त्या तफावतीतच असते.

अर्थात मुलाखतीला सासू किंवा नवरा शेजारी बसला असेल तर प्रश्न कितीही चांगला असून उपयोग नाही. आणि ज्या ताईंनी प्रशिक्षण दिलं त्याच ‘फायदा झाला का?’ विचारायला आल्या, तर नाही कोण म्हणेल? सर्वेक्षक बाहेरचा हवा. घरातल्या मारहाणीबद्दल विचारायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सूचना पाळणं सक्तीचं समजा: संपूर्ण एकांत, एका घरातून एकच बाई, सर्वेक्षकाला खास प्रशिक्षण आणि मदत कुठे मिळेल याची सोय आधीच केलेली. हे जमणार नसेल तर तो भाग वगळलेला बरा.

नफ्याचा आकडा पटत नाही

विक्रीतून खर्च वजा केला तर तोटा निघतो आणि तरी धंदा वर्षानुवर्षं चालू आहे, असं झालं तर बाई खोटं बोलते असं समजू नका. घरी वापरलेला माल, उधारी, घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे या वजाबाकीत येतच नाहीत. श्रीलंकेतल्याच २००९ च्या एका अभ्यासात विक्री सुमारे ३० टक्क्यांनी कमी सांगितली जाते असं दिसलं. लांबलचक तपशील जोडून काढलेल्या नफ्यापेक्षा ‘सगळा खर्च जाऊन महिन्याला हातात किती उरलं?’ हा सरळ प्रश्न जास्त भरवशाचा ठरला. आधीची पाहणी हंगामाच्या मंदीत आणि नंतरची तेजीत झाली असेल, तर वाढलेला नफा कार्यक्रमाच्या खात्यावर लिहू नका. दोन्ही पाहण्या वर्षातल्या त्याच महिन्यात करा.

उत्पन्न वाढलं, झोप कमी झाली

घरकाम तेवढंच राहिलं आणि वर धंदा आला, तर उत्पन्नाचा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. शेतीतल्या महिलांच्या सक्षमीकरणासाठी २०१२ मध्ये आलेल्या निर्देशांकात वेळ हा पाचपैकी एक घटक आहे. घरकाम धरून दिवसाला १०.५ तासांहून जास्त काम करणारी बाई त्या निकषावर कमी पडते. पहिल्या पाहणीत काल दिवसभर काय काय केलं एवढं तरी लिहून घ्या; नंतर आठवून कोणी सांगू शकत नाही.

गुण खालीच आले तर

प्रशिक्षणाआधी ‘मला हिशेब चांगला येतो’ म्हणणारी बाई नंतर ‘थोडाफार येतो’ म्हणते, आणि संस्थेत घबराट पसरते. बऱ्याचदा कौशल्य घटलेलं नसतं. हिशेब म्हणजे काय काय असतं हे आता तिला कळलेलं असतं, म्हणून ती स्वतःला कडक गुण देते. अशा वेळी ‘सहा महिन्यांपूर्वी तुम्हाला कितपत येत होतं, असं आज वाटतं?’ हेही विचारा, आणि जमल्यास एक छोटा हिशेब करायला द्या.

गुण फारच वर गेले असतील तर आधी गळतीची यादी काढा. मधेच सोडून गेलेल्यांना वगळून काढलेली सरासरी बहुतेकदा चांगली दिसते. स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या बायका मुळातच धडपड्या असतात, त्यामुळे गावातल्या कुठल्याही बाईशी त्यांची तुलना चालत नाही. अर्ज करून प्रतीक्षा यादीत राहिलेल्या बायका तुलनेला जास्त योग्य. त्यांचीही पाहणी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच करून ठेवावी लागते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर पुढे कोणी देत नाही.