बँडसॉवर जाड फळी उभी चिरताना पिव्हट फेन्स कसा वापरावा

जाड फळी कडेवर उभी धरून तिच्या दोन किंवा अधिक पातळ फळ्या काढायच्या असतील, तर बँडसॉइतके, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या करवतीइतके, उपयोगी यंत्र दुसरे नाही. त्याचे पाते पातळ असल्यामुळे भुशात जाणारे लाकूड कमी असते आणि उंच फळीही एकाच खेपेत चिरता येते. अडचण येते ती दिशेची. पात्याचे दात आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वळवलेले असतात. एका बाजूचे दात किंचित बोथट झाले किंवा त्यांचे वळण कमीजास्त असले, की पाते सरळ न जाता आपल्या कलाने एका बाजूला ओढ घेते. अशा वेळी फळी लांब, सरळ फेन्सला (टेबलावर पात्याशेजारी लावलेल्या आधारपट्टीला) घट्ट टेकवून ढकलत राहिले, तर फेन्स एक दिशा सांगतो आणि पाते दुसरी. परिणामी फळी फेन्सपासून सुटू लागते किंवा पाते पिळवटते.

पिव्हट फेन्स या भांडणात पडत नाही. त्याची उभी, गोलसर धार फळीला एकाच रेषेत टेकते आणि तेवढ्या जागी जाडी राखते. दिशा ठरवण्याचे काम हातांकडे राहते. फळीचे मागचे टोक डावी-उजवीकडे हलवून पात्याचा कल सांभाळता येतो, हाच या साधनाचा खरा फायदा आहे.

बनवायला ते फारसे अवघड नाही. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा, टेबलाच्या कडेपर्यंत पोहोचेल एवढा लांब तुकडा तळासाठी घ्यावा. त्यावर टणक, कोरड्या लाकडाचा साधारण 30 मिलिमीटर जाड खांब गोंद आणि स्क्रू लावून उभा करावा, व तो मागे झुकू नये म्हणून पाठीमागे त्रिकोणी आधार बसवावा. खांबाची पात्याकडची धार रंध्याने गोलसर करून बारीक सँडपेपरने गुळगुळीत करावी आणि तिच्यावर थोडे मेण घासावे. खांबाची उंची चिरायच्या फळीपेक्षा किंचित कमी असावी, कारण पात्याचा वरचा गाईड (पात्याला सरळ धरून ठेवणारा भाग) फळीच्या माथ्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणावा लागतो आणि खांब उंच असेल तर तो तेथे अडतो. खांब तळाशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून पाहावेच. तो झुकलेला असेल, तर निघणारी फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होईल.

यंत्राच्या तयारीत कसूर करू नये. पाते त्या यंत्रावर चालेल तेवढे रुंद, धारदार आणि मोठ्या दातांचे हवे. उभ्या चिरण्यासाठी एका इंचात तीन दात असलेले पाते चांगले चालते. दात बारीक असतील तर त्यांच्यामधल्या खाचा भुशाने लगेच भरतात, भुसा बाहेर पडत नाही, आणि पाते लाकडाच्या पोटात वाकून मधोमध फुगीर काप करते. पात्याचा ताण कमी असला किंवा फळी घाईने ढकलली तरी हेच होते. यंत्राची वीज तोडून टेबल पात्याशी काटकोनात आहे का, ते तपासावे; गुण्या दातांना नव्हे, पात्याच्या सपाट भागाला लावावा.

फळीची एक बाजू आणि एक कड रंधून सपाट व परस्परांशी काटकोनात करून घ्यावी. कड टेबलावर आणि सपाट बाजू खांबाला टेकेल. त्या सपाट बाजूपासूनच मार्किंग गेजने (समांतर रेषा आखायच्या साधनाने) वरच्या कडेवर रेषा आखावी आणि ती पेन्सिलीने गडद करावी, कारण काम संपेपर्यंत नजर त्या रेषेवरच राहणार आहे. रंध्यासाठी जाडीत सुमारे 2 मिलिमीटर वाढ धरावी. उदाहरणार्थ, 40 मिलिमीटरच्या फळीतून 10 मिलिमीटरच्या तीन फळ्या हव्या असतील, तर प्रत्येकी 12 प्रमाणे 36 मिलिमीटर आणि दोन कापांचे प्रत्येकी दीड मिलिमीटर धरून 39 मिलिमीटर लागतात. म्हणजे हिशेब जेमतेम बसतो, आणि मूळ फळी थोडीही वाकडी असेल तर तिच्यातून दोनच फळ्या काढणे शहाणपणाचे.

आता फेन्स बसवावा. खांबाची धार दातांच्या किंचित अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर असावी. ती दातांच्या पलीकडे गेली, तर खांब आधीच चिरलेल्या भागावर दाब देतो, चीर मिटते आणि पाते अडकते. फार अलीकडे आली, तर टोक हलवताना जाडीच बदलत राहते. खांबाकडे वळलेल्या दातापासून धारेपर्यंतचे अंतर हव्या त्या जाडीएवढे ठेवून तळ दोन क्लॅम्पनी टेबलाला घट्ट आवळावा. एकाच क्लॅम्पवर तो फिरतो.

चष्मा आणि मास्क घालून यंत्र सुरू करावे. एका हाताने फळी खांबाला दाबून धरावी. हा दाब दातांच्या अलीकडेच असावा, कधीही पलीकडे नसावा. दुसऱ्या हाताने मागचे टोक धरून हळू ढकलावे. पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरांत पाते कोणत्या बाजूला ओढते ते दिसून येते. नियम सोपा आहे: पाते रेषेच्या ज्या बाजूला सरकले असेल, त्याच बाजूला फळीचे मागचे टोक न्यावे. काप खांबाकडे जाऊन फळी पातळ होऊ लागली, तर टोक खांबाच्या बाजूला. उलट असेल तर विरुद्ध बाजूला. पण हे अगदी थोडेसेच करावे आणि परिणामाची वाट पाहावी, कारण पात्याला रुंदी असते आणि दिशा बदलल्याचे एक-दोन सेंटिमीटर पुढे गेल्यावरच कळते. नवशिके येथे अधीर होतात, टोक जास्त फिरवतात आणि मग काप नागमोडी होतो.

काप फारच भरकटला तर चालू पात्यावरून फळी मागे ओढू नये. पाते चाकांवरून निसटू शकते. यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबल्यावरच फळी बाहेर काढावी. शेवटचे वीतभर अंतर उरले की बोटांऐवजी ढकलण्याची काठी वापरावी, कारण पाते लाकडातून कधी बाहेर येईल ते उंच फळीत दिसत नाही. हात पात्याच्या रेषेत कधीच नसावा.

पहिली फळी निघाल्यावर उरलेल्या तुकड्याची चिरलेली बाजू पुन्हा रंधून सपाट करावी आणि मगच पुढचा काप घ्यावा. खडबडीत बाजू खांबाला टेकवली, तर तिचे उंचसखलपण जसेच्या तसे पुढच्या फळीत उतरते.

अनेक एकसारख्या पातळ पट्ट्या काढायच्या असतील, तर पात्याच्या कलानुसार तिरका लावलेला सरळ फेन्स मला अधिक योग्य वाटतो. थोडेच काप असतील किंवा पात्याच्या कलाचा भरवसा नसेल, तेव्हा मात्र पिव्हट फेन्सच निवडावा.

निघालेल्या फळ्यांच्या टोकांवर लगेच क्रमांक घालावेत, म्हणजे शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून त्यांच्या लाकडातल्या रेषा जुळवता येतात. जाड लाकडाचा गाभा बहुधा बाहेरच्यापेक्षा ओलसर असतो आणि चिरल्यावर त्यातला ताणही मोकळा होतो. म्हणून फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून त्या काही दिवस रचून ठेवाव्यात आणि हलायच्या थांबल्यावरच अंतिम जाडीला रंधाव्यात.