टर्बो उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर: नव्या मेकॅनिकसाठी

डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आयटीआय ट्रेड करून गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राच्या, कामाचे मोठे आकर्षण असते आणि गाडी आत येताच तो खोलण्याची घाई असते. टर्बो का गेला हे तो गाडीवर असतानाच शोधले नाही, तर नवा कोअर (शाफ्ट, व्हील आणि बेअरिंग असलेला टर्बोचा मधला गाभा) टाकूनही तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते.

२०१० साली आलेल्या महिंद्रा थारचे २.५ लिटरचे सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन घेऊ. घाटातल्या कच्च्या वाटांवर ती चालवणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: निळा धूर, टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये तेल, चढावर पिकअप नाही. अशा वेळी आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टरच्या रबरी कडेखालून शिरलेली धूळ कॉम्प्रेसर व्हीलच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांची पुढची धार खाते आणि ती बोटाला करवतीसारखी लागते. त्यानंतर तेलाची परतीची नळी पाहावी. टर्बोतले तेल केवळ उताराने संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) परतते, त्यामुळे ही नळी काजळीने अरुंद झाली किंवा क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबला, तर सील शाबूत असतानाही तेल व्हीलकडे येते आणि दोष विनाकारण टर्बोच्या माथी बसतो.

शाफ्ट हातात धरून आडवा हलवला की थोडा हलतोच, कारण त्याचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारे असते. एवढ्यावरून चांगला टर्बो भंगारात काढलेला मी पाहिला आहे. खरी कसोटी पुढे-मागे होणाऱ्या हालचालीची. ती डायल गेजवर मोजावी. कंपनीचे माप हाताशी असल्यास तेच प्रमाण मानावे; साधारणपणे ०.१ मिलिमीटरच्या वर गेली, तर ती हालचाल रोखणारे थ्रस्ट बेअरिंग संपले असे समजावे.

खोलताना दोन्ही हाउसिंग, व्हील, नट आणि शाफ्ट यांवर जुळणीच्या खुणा कराव्यात. व्हीलचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो आणि तो सोडवताना शाफ्टवर बाजूने जोर येऊ देऊ नये, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टला नजरेला न दिसणारा बाकही पुरेसा घातक असतो. पात्यांवरचा कार्बन तारेच्या ब्रशने खरवडू नये, भिजवून काढावा. फिरणारा एकही भाग बदलला, तरी कोअर बॅलन्सिंग मशीनवर चढवलाच पाहिजे. गॅरेजमध्ये मशीन नसेल तर बाहेर पाठवावा, पण हा खर्च वाचवू नये.

अपग्रेड म्हटले की गिऱ्हाईक मोठे व्हील मागते. दगडधोंड्यांतून सावकाश चढणाऱ्या गाडीला दाब कमी आरपीएमवर हवा असतो आणि मोठे व्हील तो उशिरा देते, म्हणून मी सहसा नकार देतो. जुने थ्रस्ट बेअरिंग २७० अंशांचे (पाऊण घेराचे) असेल आणि त्या कोअरसाठी ३६० अंशांचे (पूर्ण घेराचे) मिळत असेल, तर ते बसवावे. तेलाची नळी नवी घ्यावी, फिल्टरच्या डब्याचे सील बदलावे आणि इंटरकूलर आतून स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावा. इंधनाचे मॅपिंग (कधी किती इंधन जावे याची मांडणी) आणि एक्झॉस्टचे तापमान न पाहता बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवल्यास किंमत पिस्टन मोजतो.

बसवताना तांब्याचे वायसर नवे वापरावेत. तेलाच्या नळीच्या तोंडाशी गॅस्केट पेस्ट लावू नये, कारण तिचा तुकडा सुटला की तेलाची वाट बंद होते. टर्बोत हाताने तेल ओतावे, इंजेक्टरचे कनेक्टर काढून थोडे थोडे क्रँक करावे आणि तेलाचा दाब दिसल्यावरच इंजिन सुरू करावे. पहिली काही मिनिटे गाडी आयडलवर ठेवून, रेस न देता, सगळे जोड गळतीसाठी तपासावेत.